पोर्ट एलन, वय 32, सहा माणसं, एक बाटली : कशी चाखावी?

आडवाटेचा_वाटसरू
मंडळी, सहाजणांच्या वर्गणीतून पोर्ट एलन या स्कॉच सिंगल माल्टची (एकाच डिस्टिलरीत सातूपासून बनलेल्या व्हिस्कीची) एक बाटली आली आहे. बारावं वार्षिक बॉटलिंग, 1979 सालचा माल, 2012 साली बाटलीबंद, वय 32, अल्कोहोलची तीव्रता 52.5 टक्के, 700 मिली. सील शाबूत आहे. डिसेंबरात पुण्यात बसायचं ठरलंय. अशी बाटली पुन्हा मिळणार नाही, म्हणून आधी विचारून घेतो. एकेकाला किती ओतावी? आधी दुसरं काही प्यावं की थेट हीच? खायला काय? आणि उरलेली पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये कशी टिकवायची?

एका बाबतीत मात्र माझं मत पक्कं आहे : पाण्याचा थेंबही घालायचा नाही. 32 वर्षं पिंपात मुरलेल्या मालात नळाचं पाणी ओतणं म्हणजे तानपुरा लागल्यावर खुंट्या पिळणं.

झणझणीत_रस्सा
सहाजण म्हणालात ना? सातव्याचं नाव नोंदवून ठेवा. चखणा माझ्याकडून.

नाकपुडी
पहिल्या बैठकीला माणशी 20 मिली. त्याहून कमी ओतली तर ग्लासात पुरेसा वास साठत नाही, आणि जास्त ओतली तर दुसऱ्या निम्म्याला जीभ बधिर झालेली असते. सहाजणांचे 120 मिली जातील, 580 उरतील. 20 मिलीत दोन-दोन मिलीचे आठ-दहा घोट होतात, घाई केली नाही तर तासभर पुरतात.

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा हवा, खाली पोट आणि वर निमुळता. ग्लेनकेर्न नावाचा व्हिस्कीचा ग्लास त्यासाठीच आहे. नसेल तर वाइनचा छोटा ग्लास चालेल, पण रुंद तोंडाचा आखूड ग्लास अजिबात नको, त्यातून सगळा वास खोलीभर होतो. ग्लास आदल्या दिवशी नुसत्या गरम पाण्याने धुवा आणि हवेवर वाळवा. फडक्याने पुसलात की फडक्याचा वास लागतो, कपाटात उपडा ठेवलात की कपाटाचा. डांबरगोळ्या ठेवलेल्या कपाटातला ग्लास तर वापरूच नका. ओतण्याआधी प्रत्येकाने आपला रिकामा ग्लास हुंगावा. काहीही वास आला तर पुन्हा धुवा.

तापमान 18 ते 20 अंश. पुण्यात डिसेंबरच्या संध्याकाळी ते आपोआप मिळेल. मुंबईकरांसाठी : 30 अंशाच्या खोलीत 52 टक्क्यांचा माल ओतला की आधी अल्कोहोल नाकावर धावून येतं, बाकी काही कळतच नाही. बाटली आणि ग्लास दोन तास एसीच्या खोलीत ठेवा. फ्रिजमध्ये नको, गारठ्याने जड वास बाहेरच पडत नाहीत.

बापू_इन्व्हर्नेस
माल काय आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे अपेक्षा नीट राहतील. पोर्ट एलन हे स्कॉटलंडच्या आयला बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव. तिथली डिस्टिलरी 1825 ची, पण विसाव्या शतकात बराच काळ बंद होती. 1967 साली पुन्हा सुरू झाली आणि 1983 साली बंद पडली. म्हणजे आज लिलावात दिसणारा बहुतेक सगळा माल शेवटच्या 16 वर्षांतला.

बंद पडली ती वाईट होती म्हणून नव्हे. 1980 च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीचे साठे तुंबले होते. मालक कंपनीकडे त्याच बेटावर लागाव्हुलिन आणि कॉल ईला या डिस्टिलऱ्या होत्या, तिसरीची गरज उरली नाही. 1983 सालीच तिकडे उत्तरेत ब्रोरा डिस्टिलरीही बंद झाली. पोर्ट एलनची व्हिस्की मुख्यतः ब्लेंडमध्ये (अनेक व्हिस्क्यांच्या मिश्रणात) धुराची चव घालण्यासाठी बनत होती. सिंगल माल्ट म्हणून तिला कुणी विचारत नव्हतं, त्यामुळे ती शेरीच्या (एका स्पॅनिश वाइनच्या) चांगल्या पिंपांत नव्हे तर दोन-तीनदा वापरून थकलेल्या पिंपांत भरली गेली. गंमत अशी की तेच पथ्यावर पडलं. नव्या दमाच्या पिंपात 32 वर्षं काढली असती तर लाकडाने तिला गिळून टाकलं असतं. थकलेलं पिंप हळू देतं, म्हणून आतला मूळ माल शिल्लक राहिला.

काजूबोंड
बापू, पूर्ण सहमत. जुनी म्हणजे चांगली हा गैरसमज या धाग्यावर आधीच मोडून काढायला हवा. पहिल्यांदा भरलेल्या शेरी पिंपात 30 वर्षांपुढे गेलेल्या कित्येक बाटल्या फार उकळलेल्या चहासारख्या लागतात : कडवट, तुरट, जीभ कोरडी. आणि रंगावर तर जाऊच नका. कायद्याने साधं कॅरॅमल घालायला परवानगी आहे. दहा वर्षांची गडद आणि चाळीस वर्षांची गवताच्या रंगाची, असं सर्रास असतं.

हिशेबनीस
पिंपातून उडून जाणाऱ्या मालाचा हिशेब कुणी केला नाही, म्हणून करतो. 250 लिटरचं हॉग्जहेड नावाचं पिंप, स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण 2 टक्के घट धरू. 32 वर्षांनी उरतात 131 लिटर, म्हणजे 187 बाटल्या. हेच पिंप गोव्यात ठेवलं आणि वर्षाला 10 टक्के घट धरली, तर 32 वर्षांनी उरतील साडेआठ लिटर. बारा बाटल्या! म्हणून आपल्याकडचे व्हिस्की बनवणारे, पॉल जॉन किंवा अमृतवाले, वयाच्या मागे लागत नाहीत. बंगळुरूच्या अमृतने आठ वर्षांची काढली तेव्हा तिचं नावच 'ग्रीडी एंजल्स' (हावरे देवदूत) ठेवलं, कारण उडून जाणाऱ्या मालाला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात.

बापू_इन्व्हर्नेस
त्यात एक भर. स्कॉटलंडच्या दमट हवेत पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं, म्हणून तीव्रताही उतरत जाते. पिंपात भरताना सहसा 63.5 टक्के असते. ती 40 च्या खाली गेली की कायद्याने व्हिस्कीच राहत नाही. फार जुन्या पिंपांवर मालकांचा डोळा असतो तो यासाठी. 32 वर्षांनी 52.5 म्हणजे तब्येत उत्तम आहे.

रसायनी
आता धागाकर्त्यांच्या तानपुऱ्याकडे वळू. पाणी न घालण्याचा हट्ट 42-43 टक्क्यांच्या जुन्या माल्टसाठी बरोबर आहे. तिथे आधीच पाणी घातलेलं असतं किंवा पिंपातच उतार पडलेला असतो, आणखी घातलंत तर चव विस्कटते. 52.5 ला मात्र हा हट्ट तोट्याचा आहे.

कारण असं. धुराचा वास देणारे फिनॉल, उदाहरणार्थ ग्वायकॉल, यांना पाण्यापेक्षा अल्कोहोल जवळचं. अल्कोहोल जास्त असलं की ते त्यातच गुंतून राहतात. स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या दोघांनी 2017 साली संगणकावर याचं प्रारूप मांडलं. 45 टक्क्यांपर्यंत ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाशी राहतो आणि 59 च्या वर तो आत अल्कोहोलच्या गराड्यात जातो, असं त्यांना दिसलं. प्रारूप एकाच रेणूचं आहे, व्हिस्कीत शेकडो असतात, तेव्हा ती काळ्या दगडावरची रेघ समजू नका. पण नाकाचा अनुभवही त्याच दिशेने जातो.

मापं घ्या. 20 मिली 52.5 वरून 48 वर आणायला 1.9 मिली पाणी लागतं, 46 वर आणायला 2.8 मिली. साध्या ड्रॉपरचे वीसेक थेंब म्हणजे 1 मिली. म्हणजे 'दोन थेंब पाणी घातलं आणि फूल उमललं' हे बरंचसं मनाचे खेळ. दोन थेंबांनी 20 मिलीत तीव्रता पाव टक्क्याने उतरते.

आडवाटेचा_वाटसरू
रसायनी साहेब, आकडे पटले. पण घातलेलं पाणी परत काढता येत नाही, हा मुद्दा उरतोच.

रसायनी
म्हणूनच पहिले 10 मिली कोरे संपवा आणि पाणी उरलेल्या 10 मध्ये घाला. 10 मिलीला अर्धा मिली, म्हणजे दहा थेंब. पाच मिनिटं थांबा, वास घ्या, एक घोट. मग हवे असतील तर आणखी आठ-दहा थेंब. पाणी घातल्या क्षणी वास घेऊ नका, मिसळताना थोडी उष्णता सुटते आणि अल्कोहोलची एक लाट येऊन जाते.

पाणी नळाचं नको. क्लोरीन आणि फिनॉल एकत्र आले की दवाखान्याचा वास येतो आणि मग दोष व्हिस्कीला दिला जातो. बोअरचं जड पाणीही नको. साधं आरओचं पाणी, खोलीच्याच तापमानाचं. आणि पाण्याने व्हिस्की किंचित गढूळली तर घाबरू नका. थंड करून गाळलेली नसलेल्या व्हिस्कीतली लांब साखळीची एस्टर नावाची संयुगं 46 टक्क्यांच्या खाली विरघळून राहत नाहीत. तो दोष नाही.

टवाळखोर_1
आणि सोडा? 😇

रसायनी
सोड्यातला कार्बन डायऑक्साइड जिभेवर आम्ल होतो आणि बुडबुडे हलके वास दोन मिनिटांत उडवून नेतात. दोन मिनिटांत 32 वर्षं. हिशेबनीस हिशेब करून देतील.

हिशेबनीस
मिनिटाला 16 वर्षं. अख्खी डिस्टिलरी 60 सेकंदांत.

तिखटमीठ
चखण्यावर बोलते, कारण तिथेच घोटाळा होतो. तिखट आधी खाल्लंत की संपलं. मिरचीची आग ओळखणारा जो संवेदनाग्राहक (रिसेप्टर) जिभेवर असतो त्यालाच अल्कोहोलही चेतवतं. अल्कोहोलमुळे त्याचा उंबरा इतका खाली येतो की शरीराचं नेहमीचं तापमानही त्याला जाळ वाटतं. त्यावर मिसळीचा तवंग चढवा, मग 52 टक्के म्हणजे नुसती आग. तेव्हा झणझणीत_रस्सा यांचा चखणा साभार परत.

जेवण दोन तास आधी, साधं. वरण-भात-तूप उत्तम, पोटाला आधार होतो. कच्चा कांदा, लसूण, लोणचं, कॉफी, पान, बडीशेप, सुपारी नको. दात घासायचे तर तासभर आधी, पुदिना आणि फेस दोन्ही जिभेवर रेंगाळतात. चाखताना साधा पाव किंवा खारट नसलेले कुरमुरे, आणि पाणी. खोलीत उदबत्ती नको, डासांची कॉइल नको, अंगावर अत्तर नको. हाताला सॅनिटायझर लावलेल्या माणसाला तर ग्लासच देऊ नका.

झणझणीत_रस्सा
म्हणजे सातव्याची जागा गेली. निदान सुकट तरी?

तिखटमीठ
नंतर. चाखणं संपलं की सोडे भाजून आणा. आयलाच्या माल्टशी सोड्यांचं जमतं, खारट आणि धुरकट दोन्ही एकाच सुरात.

पिंपातला_उंदीर
खरा वाद क्रमाचा आहे. पोर्ट एलन शेवटी ठेवा, असा सल्ला बरेचजण देतात, मैफलीत भैरवी शेवटी तसा. मला तो चुकीचा वाटतो. तीन ग्लासांनंतर नाक थकलेलं आणि डोकं सैल झालेलं असतं, आणि नेमका तेव्हा सगळ्यात महागडा ग्लास हातात येतो. ती पहिलीच असावी.

नाकपुडी
उंदीरभाऊ, अगदी पहिली नको. कोऱ्या तोंडाला 52.5 चा पहिला घोट म्हणजे चपराक. त्याआधी 10 मिली काहीतरी बिनधुराचं, 43-46 टक्क्यांचं द्या, फक्त तोंड तयार करायला. त्यावर चर्चा करायची नाही, गुण द्यायचे नाहीत. मग दहा मिनिटं विश्रांती, पाणी, आणि पोर्ट एलन.

काजूबोंड
आणि तिच्यानंतर तुलनेला 15 मिली कॉल ईला 12. तेच बेट, तीच मालक कंपनी, 43 टक्के. तरुण धूर आणि म्हातारा धूर यांतला फरक नुसत्या वर्णनाने समजत नाही, शेजारी ठेवल्यावर अर्ध्या मिनिटात समजतो. आधी कॉल ईला दिलीत तर तिचा धूर पोर्ट एलनवर बसेल, म्हणून नंतरच.

पिंपातला_उंदीर
हे मान्य. तोंड धुवायला एक, मग ती, मग तुलना. तिन्ही मिळून 45 मिली. बास.

हौशी_हुंगणारा
एक शंका. धूर वर्षांनुवर्षं कमी का होतो? बाटलीवर पीपीएम (दहा लाख भागांत फिनॉलचे किती भाग) लिहिलेला असतो तो काय मग?

रसायनी
पीपीएमचा आकडा बहुतेक वेळा धुरावर वाळवलेल्या माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या सातूचा असतो, ग्लासातल्या व्हिस्कीचा नव्हे. भिजवताना, आंबवताना आणि मुख्यतः भट्टीत गाळताना (कुठे थांबायचं ठरवलंय त्यावर अवलंबून) निम्म्याहून जास्त फिनॉल मागे राहतात. पुढे पिंपात ते हळूहळू घटतात, बदलतात, आणि लाकडातून आलेल्या गोष्टी त्यांच्यावर चढतात. म्हणून 32 वर्षांनी पेटलेल्या शेकोटीचा धूर शोधायचा नाही. सकाळी विझलेल्या चुलीजवळ बसल्यासारखा असतो.

बापू_इन्व्हर्नेस
विझलेली चूल! हेच हवं. इंग्रजी टिपणांत हेदर, गूजबेरी, मार्झिपन असली यादी असते. सोलापुरात वाढलेल्या नाकाला गूजबेरी कुठून कळणार? त्यापेक्षा आपल्या वासांची यादी आधी करून ठेवा, चाखताना शब्द सापडतात.

काजूबोंड
पोर्ट एलनसाठी माझी यादी : लिंबाची किसलेली साल (रस नव्हे), डांबर फासलेली होडी, ओलं जाळं, टिंक्चर आयोडीन, विझवलेल्या मेणबत्तीची वात, कोळसा, कालवं, आणि मागून थोडंसं सुकं खोबरं. खोबरं अमेरिकन ओकच्या लाकडातल्या लॅक्टोन नावाच्या संयुगांचं, ते जवळपास प्रत्येक जुन्या माल्टमध्ये सापडतं.

तिखटमीठ
सर्वसाधारण जुन्या माल्टसाठी आणखी : तूप कढवल्यावर उरलेली बेरी, खजूर, आमसूल (शेरी पिंपाची आंबट-गोड बाजू), जुन्या पुस्तकांचं कपाट, शिकेकाई, चंदनाची सहाण, दिवाळीच्या दिवशीचं उटणं. काडी ओढल्यासारखा गंधकाचा वास आला तर तो पिंपाच्या धुरीचा. रिकामी पिंपं टिकावीत म्हणून त्यांत गंधक जाळतात. थोडा असेल तर पंधरा मिनिटांत उडतो, जास्त असेल तर शेवटच्या घोटापर्यंत पिच्छा सोडत नाही.

टवाळखोर_1
डांबर, टिंक्चर, ओलं जाळं. आणि यासाठी सहाजणांनी वर्गणी काढली?

काजूबोंड
फणसाबद्दलही परके लोक हेच म्हणतात.

हौशी_हुंगणारा
फणसावरून आठवलं, 1960 च्या दशकातल्या बोमोरमध्ये (आयलाचीच आणखी एक व्हिस्की) आंबा सापडतो म्हणतात ते खरं का?

पिंपातला_उंदीर
खरं आहे. त्या काळच्या बोमोरची ख्याती पिकलेल्या उष्ण कटिबंधातल्या फळांसाठीच आहे. आंबा, पपई, पेरू. पण तिकडे टिपणं लिहिणाऱ्यांना आंबा म्हणजे आंबा. हापूस की पायरी, हे सांगायला आपलाच माणूस पाहिजे. अवांतर थांबवतो.

नाकपुडी
वास घेण्याची रीत राहिली. ओतल्यावर ग्लासावर बशी किंवा वाटीचं झाकण ठेवा आणि अर्धा तास विसरून जा. 'वर्षाला एक मिनिट' असा एक ढोबळ नियम आहे, इथे तो बरोबर बसतो. झाकण काढल्यावर ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं. लगेच नाक आत खुपसू नका. मग हळूहळू वर, एक नाकपुडी, दुसरी नाकपुडी, प्रत्येक वेळी छोटा श्वास. वाइनसारखा ग्लास गरागरा फिरवू नका, त्याने अल्कोहोल उसळतं. नुसता तिरका करून गोल वळवला तरी भिंती ओल्या होतात. नाक बधिर झालं तर कॉफीच्या बिया हुंगायची गरज नाही, स्वतःच्या कोपराच्या आतली त्वचा हुंगा. त्या वासाला नाक सरावलेलं असतं.

पहिला घोट फक्त तोंड ओलं करायला, त्यावर मत देऊ नका. दुसरा दोन मिली, जिभेवर दहा-पंधरा सेकंद, लाळ सुटू द्या, मग गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. अर्धी व्हिस्की त्या उच्छ्वासात असते. मग घड्याळ बघा. चव किती वेळ टिकली हे सेकंदांत लिहा, 'खूप वेळ' असं लिहू नका. रिकामा ग्लास रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी हुंगा. हलकं सगळं उडालेलं असतं, फिनॉल आणि व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य) मागे राहतात. बऱ्याचदा तो वास रात्रीपेक्षा स्पष्ट असतो.

संपादक_खिडकी
धागा छान चाललाय, पण दोन आठवणी. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तो काढून ठेवा, आणि कडक मद्यासाठी वयोमर्यादा 25 आहे. परदेशातून येणाऱ्याला माणशी 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. खरेदी-विक्रीची चौकशी इथे नको. आणि गाडी चालवणाऱ्याने ग्लास फक्त हुंगावा.

खुंटी_आणि_बूच
एवढी चर्चा झाली आणि बूच कसं काढायचं हे कुणी बोललंच नाही. 2012 पासून बंद असलेलं बूच. बाटली उभीच ठेवलेली असते (वाइनसारखी आडवी ठेवली तर एवढं अल्कोहोल बुचाला खातं), त्यामुळे बूच वाळून ठिसूळ होतं. उघडण्याच्या दोन-तीन दिवस आधी, सील न काढता, बाटली मिनिटभर तिरपी करून बूच आतून ओलं करा. असं दोनदा. उघडताना बूच फिरवू नका, बाटली फिरवा. एका हाताने बुचाची टोपी घट्ट धरा, दुसऱ्या हाताने बाटलीचं बूड हळूहळू वळवा, वर ओढण्याची घाई नको.

तरीही मोडलं तर स्क्रूने भोक पाडू नका, भुगा होतो. दोन पात्यांचा बूचकाढू मिळतो, त्याची पाती बूच आणि काच यांच्या फटीत सरकवून वळवत काढायचं. तुकडे आत पडलेच तर स्टीलच्या बारीक गाळणीतून स्वच्छ काचेच्या भांड्यात गाळा. कागदी फिल्टर वापरायचा तर आधी पाण्याने धुवून वाळवून घ्या, नाहीतर कागदाची चव उतरते. बदली बूच हाताशी ठेवा. दुसऱ्या एखाद्या संपलेल्या माल्टचं, कोमट पाण्याने धुतलेलं आणि पूर्ण वाळलेलं चालतं. पण धुरकट माल्टचंच घ्या. शेरीवाल्या बाटलीचं बूच महिनाभरात आपला वास देऊ लागतं.

आडवाटेचा_वाटसरू
हे डोक्यातच आलं नव्हतं. दंडवत.

संशयात्मा
बाटली अस्सल आहे हे कशावरून?

पिंपातला_उंदीर
आला संशयात्मा.

संशयात्मा
हसू नका. 2017 साली सेंट मॉरित्झच्या एका हॉटेलात 1878 ची म्हणून मॅकॅलन या स्कॉच सिंगल माल्टचा एक पेग सुमारे 10 हजार स्विस फ्रँकला विकला गेला. तपासणीत निघालं की ती सिंगल माल्टही नव्हती, 1970 ते 1972 च्या दरम्यानचं ब्लेंड होतं. हॉटेलने पैसे परत केले. 2018 साली स्कॉटलंडच्या एका संशोधन केंद्राने 55 दुर्मिळ बाटल्यांचं कार्बन-14 मोजलं, त्यांतल्या 21 खोट्या निघाल्या. 1950 च्या दशकापासून अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-14 वाढलं, मग उतरत गेलं. त्या वर्षीच्या सातूत तोच आकडा येतो, म्हणून साल पकडता येतं.

घरी एवढं बघा. पातळी बुचापासून किती खाली आहे आणि ती इंटरनेटवरच्या त्याच बॉटलिंगच्या फोटोंशी जुळते का. सील हाताने चिकटवल्यासारखं सुरकुतलेलं आहे का. काचेवर छापलेला लॉट क्रमांक आहे की खरवडलेला. बाटली उलटी करून पातळ तरंगणारे कण आहेत का पाहा, दहा-बारा वर्षांच्या शांत बाटलीत ते सहसा नसतात. शेवटी चवीची कसोटी. 52.5 आहे म्हणतात आणि पहिल्या घोटाला पाण्यासारखी गेली तर काहीतरी गडबड आहे.

बापू_इन्व्हर्नेस
2012 च्या बाटलीत खोटेपणाची शक्यता तुलनेने कमी, पण शून्य नाही. म्हणून विनंती : संपल्यावर रिकामी बाटली विकू नका, फुकटही देऊ नका. बाजारात रिकाम्या पोर्ट एलनला गिऱ्हाईक असतं, आणि ते शोकेससाठी नसतं.

हौशी_हुंगणारा
डिस्टिलरी पुन्हा सुरू झाली ना? मग भाव उतरतील?

बापू_इन्व्हर्नेस
मार्च 2024 मध्ये सुरू झाली. जुन्या भट्ट्यांच्या प्रतिकृती बसवल्या आहेत आणि सोबत प्रयोगांसाठी एक छोटी जोडी. पण तीन वर्षं ओकच्या पिंपात काढल्याशिवाय तिला कायद्याने व्हिस्की म्हणता येत नाही, आणि 32 वर्षांची व्हायला 2056 उजाडेल. जुन्या मालाचा साठा त्याने एका थेंबानेही वाढत नाही.

खुंटी_आणि_बूच
उरलेल्या 580 मिलीबद्दल. व्हिस्की वाइनसारखी दोन दिवसांत जात नाही, पण बाटलीतली हवा वाढली की हलके फळांचे वास आधी जातात आणि मग धुराची धार बोथट होते. निम्म्याच्या वर असेपर्यंत सहा महिने निश्चिंत राहा. निम्म्याखाली गेली की 100 मिलीच्या काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा. झाकणात आत शंकूच्या आकाराचं प्लास्टिक असलेल्या बाटल्या घ्या, पुठ्ठ्याच्या चकतीवाल्या नकोत. वर पॅराफिल्मचे (ताणून घट्ट बसणाऱ्या पातळ पट्टीचे) दोन वेढे. लेबलवर नाव, तीव्रता आणि भरल्याची तारीख. जागा अंधारी आणि गार : खालच्या मजल्यावरचं आतलं कपाट, भिंतीतलं असेल तर पश्चिमेची भिंत सोडून. माळा नको, स्वयंपाकघर नको. उन्हाळ्यात तापमान वर-खाली झालं की बाटली श्वास घेते, मेमध्ये बूच सैल झालेलं सापडतं ते त्यामुळेच.

झणझणीत_रस्सा
खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या चालतील का? घरी चिकार आहेत.

खुंटी_आणि_बूच
नाही!! ज्येष्ठमधाचा वास सात वेळा धुतला तरी जात नाही. मापायलाही ते औषधाचं झाकण नको, 20 मिलीची नवी सिरिंज सुईशिवाय वापरा.

आडवाटेचा_वाटसरू
सर्वांचे आभार. ठरलेलं लिहितो, चूक असेल तर सांगा. बुधवारी आणि गुरुवारी बूच ओलं करायचं. शनिवारी साडेपाचला वरण-भात. साडेसातला बिनधुराचं 10 मिली. त्याच वेळी पोर्ट एलन उघडून 20-20 मिली ओतायची आणि झाकून ठेवायची. आठला वास, मग 10 मिली कोरी. पावणेनऊला दहा थेंब (हो, पाणी घालणार. तानपुऱ्याचं वाक्य मागे घेतो). सव्वानऊला कॉल ईला. मग सोडे. प्रत्येकाने आपलं टिपण आधी लिहायचं, बोलायचं नंतर.

एकच प्रश्न उरलाय. सहापैकी एकाला सर्दी आहे. शनिवारपर्यंत उतरेल असं वाटत नाही.

नाकपुडी
टिपण आधी लिहायचं हे उत्तम, नाहीतर पहिला 'डांबर' म्हणाला की पाचांना डांबरच येतं. झाकून ठेवताना मात्र ग्लासांवर नावं चिकटवा.

सर्दीवाल्याला त्या दिवशी देऊ नका. नाक बंद असेल तर जिभेला फक्त गोड, खारट, आंबट, कडू आणि जाळ एवढंच कळतं. बाटली उघडल्या उघडल्या, इतरांच्या आधी, त्याचे 20 मिली सिरिंजने काढून छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा.

खुंटी_आणि_बूच
बाटली 20 मिलीचीच घ्या, 30 ची नको. आणि पॅराफिल्म विसरू नका.

झणझणीत_रस्सा
म्हणजे शनिवारी सहावा ग्लास रिकामा. मी फक्त सांगून ठेवतो, मला सर्दी नाही.